सहाशे ठसे आणि चोवीस अक्षरं : ‘क्रिस्तपुराणा’च्या छपाईचं प्रकरण

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ हे ख्रिस्तावरचं मराठी काव्य १६१६ साली गोव्यात, साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं. या तीन छपायांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. मराठीत छापल्या गेलेल्या पहिल्या मोठ्या ग्रंथाचं एकही छापील पान आपल्याला पाहता येत नाही.

ग्रंथमुद्रणाचा इतिहास शिकू पाहणाऱ्यांसमोर मी हेच प्रकरण पहिलं ठेवतो. कारण साधं आहे. नव्या अभ्यासकाला वाटतं, जुनी प्रत हातात घ्यायची, कागद उजेडात धरायचा, जलचिन्ह शोधायचं, मुखपृष्ठ वाचायचं, झाला अभ्यास. इथे हातात घ्यायला प्रतच नाही. पण ग्रंथ छापणाऱ्याच्या मनात काय होतं, त्याची अडचण कोणती होती आणि त्यातून त्याने वाट कशी काढली, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारं दुसरं उदाहरण मराठीत नाही. प्रती जपून राहिलेल्या कितीतरी पुस्तकांबद्दल आपल्याला यापेक्षा कमी कळतं.

प्रश्न असा आहे. काव्य मराठी. छंद ओवी, तीही आपल्या संतकवींच्या वळणाची. ऐकणारे साष्टी-बार्देशातले नवख्रिस्ती, त्यातले बरेच लिहिण्यावाचण्याची परंपरा असलेल्या घरांतले. भाषेबद्दल कवीला इतकं प्रेम की त्याने मराठीला रत्नांतल्या हिऱ्याची आणि फुलांतल्या मोगरीची उपमा दिली, आणि त्या ओव्या चारशे वर्षांनंतरही शाळेतल्या मुलांना पाठ असतात. मग हे पुराण रोमी लिपीत का छापलं?

या प्रश्नाला सहसा तयार उत्तर मिळतं : राज्य पोर्तुगीजांचं, चर्चचा धाक, म्हणून देशी लिपी मारली. त्या काळच्या गोव्यात जुलूम झाला, देवळं पाडली गेली, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, हे सगळं खरंच आहे आणि त्याला झाकायचं कारण नाही. पण या एका पुस्तकापुरता पुरावा तपासला तर तो दुसरीकडे बोट दाखवतो, छापखान्याच्या ओतशाळेकडे.

१६०८ चं पत्र

स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातले. जन्म १५४९ च्या सुमाराचा. इंग्लंडमध्ये कॅथलिकांना जगणं अवघड झालेलं असताना ते रोमला गेले, जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात दाखल झाले, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. भारतात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचं नाव घेतात. पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, बहुतेक काळ ते साष्टीतच होते. कोकणी ते रोज बोलत होते आणि मराठी त्यांनी ग्रंथांतून आत्मसात केली. पुराणाच्या गद्य प्रस्तावनेत ते सांगतात की शुद्ध मराठी सर्वसाधारण लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द टाळून जागोजागी ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. वाचकाचा इतका बारीक विचार करणारा लेखक लिपीच्या बाबतीत बेफिकीर असेल, हे मुळातच पटत नाही.

आणि तो बेफिकीर नव्हताच. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी रोमला आपल्या संघाचे प्रमुख क्लॉडिओ अक्वाव्हिवा यांना पत्र लिहिलं. पत्राच्या शेवटी ते एक मागणं मांडतात. या प्रांतात इथल्या भाषेत आणि इथल्याच अक्षरांत पुस्तकं छापली जावीत, ही इच्छा आपल्या मनात कित्येक वर्षांपासून आहे, मलबारात तशी पुस्तकं आहेत आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा मोठा लाभ झाला आहे, असं ते लिहितात. मग हे झालं का नाही, याची दोन कारणं देतात. पहिलं कारण : इथली अक्षरं म्हणजे एकेक पूर्ण उच्चार, त्यामुळे साचे ६०० लागतील, आणि युरोपात २४ अक्षरांत काम भागतं. दुसरं कारण : वरिष्ठांची आज्ञा आणि मदत यांशिवाय हे होणं शक्य नाही. पहिल्या अडचणीवर उपायही ते सुचवतात. मेहनत घेतली तर साच्यांची संख्या २०० पर्यंत खाली आणता येईल.

मला हे पत्र फार मोलाचं वाटतं. त्यात धर्मप्रसाराचा उत्साह आहेच, पण त्याच दमात ६००, २४, २०० असे आकडे आहेत. हा माणूस कारागिरांशी बोललेला आहे. देवनागरीची किंमत त्याने साच्यांत मोजून घेतलेली आहे.

आठ वर्षांनी पुराण छापून निघालं ते रोमीत. म्हणजे मागणं पुरं झालं नाही.

आकडा खरा होता का?

विद्यार्थ्यांना मी इथे थांबवतो आणि बाराखडी मांडायला लावतो. तुम्हीही करून पाहा, कागद-पेन्सिल पुरे.

क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजनं. त्यात क्ष आणि ज्ञ धरले की ३६. प्रत्येकाची बाराखडी म्हणजे बारा रूपं. ३६ गुणिले १२, झाले ४३२. सुटे स्वर साधारण बारा, अंक दहा. बेरीज ४५४ च्या आसपास. आता जोडाक्षरं. क्त, त्र, द्ध, श्र, स्त, ष्ट, न्य, प्र, र्म, ल्ल अशी रोजच्या लिखाणातली गोळा करत गेलात तर दीडशे कधी झाली कळत नाही. ४५४ आणि १५० म्हणजे ६०४. हा माझा हिशोब आहे, स्टीफन्स यांनी कसा केला ते पत्रात नाही. पण ६०० हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं त्यातून दिसतं. प्रत्येक अक्षर त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसह एकसंध ओतायचं म्हटलं तर तेवढेच साचे लागतात.

एक साचा म्हणजे किती काम? पोलादाची बोटाएवढी दांडी घ्यायची. तिच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. कानशीने कडा घासायच्या, पोटातल्या पोकळ्या टोचणीने खोदायच्या, मधूनमधून दिव्याच्या काजळीत बुडवून कागदावर उठवून पाहायचं. मनासारखं उतरलं की दांडी तापवून पाणी द्यायचं. हा झाला ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर हातोड्याने ठोकला की तांब्यात अक्षराचा खळगा पडतो, तो साचा. तो घासून चौकोनी करून हातमुशीत बसवायचा आणि वरून शिसं, कथील, अँटिमनी यांचा रस ओतायचा. गार झाला की हातात एक खिळा, म्हणजे छपाईचं एक सुटं अक्षर. पुन्हा ओता, दुसरा खिळा. कुशल माणसाला एका ठशाला एक दिवस धरला आणि वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले, तरी ६०० ठशांना दोन वर्षं लागतात. त्यात एक क दुसऱ्या क पेक्षा केसभर उंच झाला तर सगळी ओळ नाचते.

रोमी अक्षरांसाठी यातलं काहीच करावं लागत नव्हतं. तिथेही २४ आकड्यावर भागत नाही, मोठी अक्षरं, लहान अक्षरं, तिरपी अक्षरं, विरामचिन्हं धरली तर संख्या शंभरावर जाते. पण ते खिळे युरोपात तयार मिळत. जहाजातून पेटी यायची, की खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने केस, म्हणजे खणांची पेटी, भरून काम सुरू करायचं.

एका बंद पडणाऱ्या ट्रेडल छापखान्याने मला काही खिळ्यांचं खोकं दिलं होतं. त्यातले दोन खिळे मी नेहमी वर्गात नेतो. एक ‘कि’ अखंड, म्हणजे वेलांटीसह एकाच तुकड्यात ओतलेला. दुसरा नुसता क, आणि त्याच्या डोक्यावर बसवायची तांदळाच्या कणीएवढी मात्रा वेगळी. मुलं तो कण चिमटीत धरायला जातात आणि हमखास खाली पाडतात. मग टेबलाखाली शोधाशोध. स्टीफन्स यांचे ६०० म्हणजे पहिल्या प्रकारचे खिळे. २०० वर यायचं तर दुसऱ्या प्रकाराकडे जावं लागतं, आणि तसा खिळा ओतणं म्हणजे अचूकपणाची परीक्षा, कारण वरची मात्रा आणि खालचं अक्षर यांची मापं एकमेकांत तंतोतंत बसावी लागतात. संख्या कमी होते, कौशल्य मात्र दुप्पट लागतं. स्टीफन्स ‘मोठी मेहनत’ म्हणतात ती हीच.

मग तमिळला कसं जमलं?

‘मलबारात आहेत तशी’ असं पत्रात म्हटलंय, ते तमिळ पुस्तकांना उद्देशून. गोव्यात छापखाना आला ६ सप्टेंबर १५५६ रोजी. तो खरा निघाला होता इथिओपियाला, वाटेत गोव्यात उतरला आणि इथेच राहिला. सोबत बुस्तामांते नावाचे मुद्रक होते आणि त्यांच्या हाताखाली पोर्तुगालमध्ये हे काम शिकलेला एक भारतीय माणूसही होता. त्याचं नाव कागदोपत्री आलेलं नाही, याची मला प्रत्येक वेळी हळहळ वाटते. त्याच वर्षी छपाई सुरू झाली. १५६३ मध्ये गार्सिया दा ओर्ता यांचा औषधींवरचा ग्रंथही गोव्यातच छापला गेला. हे सगळं रोमी लिपीत.

देशी लिपीची पहिली छपाई तमिळची. जुआंव गोन्साल्विस नावाच्या, हातात कसब असलेल्या स्पॅनिश जेझुइट बंधूने १५७७ मध्ये गोव्यात तमिळ खिळे पाडले. पुढच्या वर्षी कोल्लमला आणखी एक संच तयार झाला आणि २० ऑक्टोबर १५७८ रोजी जेझुइट एन्रिकेश यांनी भाषांतरित केलेली ‘तंबिरान वणक्कम’ ही ख्रिस्ती धर्मशिकवणीची १६ पानांची तमिळ पुस्तिका तिथे छापून झाली. तिची प्रत आज हार्वर्डच्या ग्रंथालयात आहे. शेवटच्या पानावर दोन्ही संचांचे नमुने शेजारी शेजारी छापले आहेत : हे गोव्यात केले, हे कोल्लमला केले. कारागिराने आपलं काम वाचकासमोर असं उघडं मांडावं, हे मला फार आवडतं.

तमिळमध्ये महाप्राण व्यंजनं नाहीत, ख, घ, छ, झ लागत नाहीत. जोडाक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत, अक्षराच्या डोक्यावर ठिपका दिला की ते अर्धं होतं. स्वरचिन्हं बरीचशी अक्षराच्या आजूबाजूला, एका ओळीत उभी राहतात, म्हणजे त्यांचे सुटे खिळे शेजारी लावले की झालं. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, वेलांटी कधी मागे कधी पुढे, आणि सगळ्यांवरून न तुटणारी शिरोरेघ. तीच माणसं, तीच भट्टी, तेच पोलाद, पण एका लिपीला जे काही महिन्यांत साधलं ते दुसरीला साधलं नाही. गोन्साल्विस यांनी ‘कानारीं’ (पोर्तुगीज इथल्या भाषेला हे नाव देत) अक्षरांचे साचेही करायला घेतले होते, ते काम अर्ध्यावर राहिलं. लिपीचा तिरस्कार हेच कारण असतं तर तमिळलाही छापखान्याचं दार बंद असतं. या तुलनेमुळे माझं मत पक्कं झालं.

नसलेल्या पुस्तकाचं पान

प्रत नसताना पुस्तक कसं दिसत होतं याचा अंदाज बांधायला दोन वाटा आहेत. एक वाट हस्तलिखितांची. छापील पुस्तकावरून लोकांनी हाताने नकला केल्या, आणि त्या करताना काहींनी मुखपृष्ठावरचा मजकूर आणि परवानग्यासुद्धा उतरवून ठेवल्या. म्हणून आपल्याला कळतं की पहिल्या छपाईचं नाव पोर्तुगीज होतं, ‘जगात आपल्या तारक येशू ख्रिस्ताच्या आगमनावरचं प्रवचन’ अशा अर्थाचं, आणि ती रायतूरच्या सर्व संतांच्या कॉलेजात, इन्क्विझिशनच्या आणि धर्मप्रांताच्या परवानगीने छापली. ‘पुराण’ हे नाव मागाहून रूढ झालं.

दुसरी वाट भावंडांची. त्याच रायतूरच्या छापखान्यातून १६२२ मध्ये स्टीफन्स यांचीच कोकणी ‘दौत्रिन’, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिकवणीची पुस्तिका, निघाली आणि १६४० मध्ये त्यांचं कोकणी व्याकरण, जे भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण मानलं जातं. दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतरची. ही पुस्तकं टिकली. ‘दौत्रिन’ची छायाप्रत मारियानु सालढाणा यांनी १९४५ मध्ये लिस्बनला प्रसिद्ध केली. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचं संत पीटरवरचं मराठी पुराण १६२९ मध्ये गोव्यात छापलं गेलं, त्याचाही मजकूर हाताशी आहे. धाकट्या भावंडांकडे पाहून थोरल्याचा चेहरा ओळखायचा, तसं हे.

त्यांत दिसतं ते असं. ळ साठी एल् हे अक्षर दोनदा. ण साठी एन् दोनदा, ट आणि ड चंही तसंच. श साठी एक्स्. ज साठी झेड. कि-के लिहायला पोर्तुगीज पद्धतीने क्यू आणि यू. शेवटच्या अनुनासिकाला एम्. सबंध पद्धतीत एकही नवा खिळा लागत नाही! अक्षराखाली टिंब देऊन ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण दाखवता आले असते, पण टिंबाचं अक्षर पोर्तुगालहून आलेल्या केसमध्ये नव्हतं. जे केसमध्ये होतं त्यातूनच दुप्पट करून, जोड्या लावून मराठीचा प्रत्येक वर्ण उभा केला. ही लेखनपद्धती भाषेच्या जाणकाराने रचली हे खरं, पण ती रचताना तो खिळ्यांच्या केसपाशी उभा होता, असं मला ठाम वाटतं.

आकाराचाही अंदाज येतो. पुराणाचे दोन भाग. पहिल्यात ३६ अध्याय आणि ४,१८१ ओव्या, दुसऱ्यात ५९ अध्याय आणि ६,७८१ ओव्या. एकूण १०,९६२. ओवीच्या चार ओळी धरल्या तर ४३,८४८ ओळी होतात. पानावर ३२ ओळींचा एकच स्तंभ असेल तर तेराशेपेक्षा जास्त पानं, दोन स्तंभ असतील तर सातशेच्या आत. कुठल्याही हिशोबाने ही १६ पानांची पुस्तिका नव्हे. इतके खिळे एका वेळी कुणाकडेच नसत. चार पानं जुळवायची, ती चौकटीत एकत्र बसवून फर्मा आवळायचा, चामड्याच्या गोळ्यांनी शाई थापायची, सगळ्या प्रतींसाठी ते पान छापून घ्यायचं, मग फर्मा धुऊन खिळे पुन्हा केसमध्ये सोडायचे आणि पुढची चार पानं जुळवायची. पुराण संपेपर्यंत हा रहाट चालू. आता हेच काम ६०० खणांच्या केससमोर करायचं आहे अशी कल्पना करा. क्वचित लागणारं ‘ढौ’ सुद्धा पाच-दहा खिळ्यांच्या हिशोबाने ओतून ठेवायला हवं. अगदी अलीकडेपर्यंत रोमी जुळाऱ्याला दोन केसी पुरायच्या आणि आपला मराठी जुळारी चार केसींमध्ये हात फिरवायचा. आपल्या जुन्या छापखान्यांत ज्यांनी काम केलंय त्यांना स्टीफन्स यांची अडचण समजावून सांगावी लागत नाही.

लिपी बदलल्याने काय झालं

छापील पुस्तक रोमी झालं तसा त्याचा वाचक ठरला. चर्चच्या शाळेत रोमी अक्षरं शिकलेली मुलं ते वाचू शकत, नागरी किंवा मोडी जाणणारे घरातले वडीलधारे वाचू शकत नसत. पण पुराण डोळ्यांनी वाचायचं नव्हतंच. एकाने गायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, जशी आपल्याकडे पोथी लावतात. चर्चमध्ये, घरी, सणावाराला ते वाचलं जाई. त्यामुळे लिपीची भिंत कानाला आडवी आली नाही.

भिंत आली ती नंतर, अभ्यासकाला. दोन एल् म्हणजे ळ की ल्ल? दोन एन् म्हणजे ण की न्न? ऱ्हस्व इ की दीर्घ ई? कानावर पडलेल्या ओवीत शंका नसते, कागदावरच्या ओवीत असते. रोमीतून देवनागरीत आणताना संपादकाला दर ओळीत निवड करावी लागते, आणि दोन संपादकांची निवड जुळेलच असं नाही.

म्हणून लंडनमधल्या एका हस्तलिखिताला एवढं महत्त्व. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून ते तिथल्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजकडे आलं. मराठी संतकाव्याचे भाषांतरकार म्हणून आपल्याला माहीत असलेले अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात त्याकडे लक्ष वेधलं. हे ‘क्रिस्तपुराण’ आहे देवनागरीत. रोमी परंपरेत जिथे पोर्तुगीज शब्द येतात तिथे याच्यात बऱ्याचदा संस्कृत वळणाचे शब्द आहेत. स्टीफन्स यांनी आधी देवनागरीतच लिहिलं आणि छपाईसाठी रोमी केलं, की कुणी मागाहून रोमीवरून नागरी केलं, यावर जाणकारांत दोन पक्ष आहेत. १६०८ चं पत्र वाचल्यावर माझा कल पहिल्या पक्षाकडे झुकतो. मात्र पत्रातून इच्छा सिद्ध होते, हस्तलिखिताची वंशावळ सिद्ध होत नाही, हेही मी विद्यार्थ्यांना बजावतो.

प्रती नाहीशा का झाल्या, याचं एकच एक कारण नाही. कोकणातली दमट हवा आणि कसर कुठल्याही कागदाला सोडत नाही. वाचून वाचून झिजणं हे लोकप्रिय पुस्तकाच्या नशिबीच असतं. त्यात २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदि दे आल्व्होर यांनी फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. छापखानेही १६७४ नंतर थंडावले ते १८२१ पर्यंत. १७५९ मध्ये जेझुइटांनाच हाकललं. नवी छपाई नाही आणि जुनी प्रत फाटते आहे, अशा वेळी लोकांनी केलं ते असं : लेखणी घेतली आणि छापील पुस्तक हाताने उतरवून काढलं. मुद्रणाच्या इतिहासात हस्तलिखिताकडून छापील पुस्तकाकडे जाणारी वाट आपण नेहमी वाचतो, इथे वाट उलटी आहे. कारवारच्या खाली कानडा मुलखात जाऊन वसलेल्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांनी या नकला सांभाळल्या, आणि त्यांच्याच आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला पुराणाची संपादित आवृत्ती काढली. तीही रोमी लिपीत.

आकडा पुन्हा भेटतो

देवनागरीत मराठी छापायला स्टीफन्स यांच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं लागली. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं. तिथले देवनागरी ठसे पाडले ते पंचानन कर्मकार या बंगाली लोहाराने, आणि त्या संचात अक्षरं होती सुमारे ७००. स्टीफन्स यांचं पत्र कर्मकारांनी पाहिलेलं असण्याचा प्रश्नच नाही. तरीही पोलादी दांडी हातात घेतलेला माणूस त्याच आकड्याच्या आसपास जाऊन पोचला. हे जुळणं मला अजूनही रोमांचित करतं. स्टीफन्स यांचा अंदाज किती पक्का होता याची दोनशे वर्षांनी एका कारागिराने दिलेली ती साक्ष आहे.

पुढे मुंबईत, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात आणि तिथेच पोरवयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात, मात्रा आणि अक्षर वेगळं करून संख्या कमी करण्याची कला पक्की झाली. त्याला आपले लोक डिग्रीचा टाइप म्हणतात. माझ्या खोक्यातली ती तांदळाच्या कणीएवढी मात्रा त्याच कुळातली.

१९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेलं ‘क्रिस्तपुराण’ देवनागरीत निघालं. त्यांच्यासमोर जोसेफ सालढाणांची रोमी प्रत होती, आणि दर दोन एल् पाशी थांबून ळ की ल्ल हे त्यांना ठरवावं लागलं. मग ते पान जुळाऱ्याकडे गेलं. अक्वाव्हिवांना पत्र लिहून ३४८ वर्षं झाली होती.